घर बांधताना : नालीत गेलेली रेती

प्रश्न : नंदनवनात आमचं जुनं घर पाडून नवं बांधणं सुरू आहे. जागा अरुंद, म्हणून दोन ब्रास रेती फाटकाबाहेर रस्त्यावरच टाकली. परवाच्या पावसात त्यातली बरीच नालीत गेली, पाणी तुंबलं आणि शेजारच्या काकांच्या अंगणात शिरलं. आता ते बोलतही नाहीत. मिक्सरही ठेकेदार नालीवरच धुतो. म्हणतो, "ताई, पाणीच तर आहे, वाहून जाईल." खरंच काही बिघडतं का? पावसाळाभर काम बंद ठेवू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, काम बंद ठेवू नका. आधी काकांच्या समोरची नाली स्वतः उभं राहून साफ करून घ्या, बाकीचं नंतर.

तुमच्या ठेकेदाराचं ते वाक्य मीही बोललेलो आहे. साइटवर नवा होतो. स्लॅब ओतून झाला की मिक्सर चेंबरजवळ ओढायचा आणि धुवायचा, हीच रीत. तिसऱ्या स्लॅबनंतर पाणी खाली जाईना. झाकण उघडलं तर तळाशी वीतभर जाड दगड झालेला, आणि त्यात कुणाचा तरी रबरी हातमोजा पाच बोटं वर करून रुतलेला. दोन माणसं दिवसभर छन्नी-हातोडा घेऊन वाकली होती. मजुरी माझ्या पगारातून गेली.

लोकांचा घोळ असा होतो, की नाली आणि गडर लाईन एकच वाटते. गडर लाईन म्हणजे संडास-मोरीच्या सांडपाण्याची, तिचं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचं असतं. भांडेवाडीत प्रक्रिया झालेलं पाणी तर कोराडीच्या वीज केंद्राला जातं. पावसाळी नालीच्या वाटेवर असं काहीच नाही. ती नाल्यात, नाला नाग नदीत, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला. सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो, म्हणजे जवळजवळ चुन्याची निवळी. मिस्त्रीच्या बोटांना भेगा पडतात त्या यानंच. मासोळीचं काय होत असेल ते बघा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरात पाणी शिरलं, ते काही कुणाच्या दोन ब्रास रेतीमुळे नाही. पण तुमच्या गल्लीत पाणी कुठे थांबतं, हे मात्र तेवढीच रेती ठरवते.

आता उपाय. रेती एक-एक ब्रासच मागवा, गाडीवाला कुरकुरला तरी. ढीग फाटकाच्या आत घ्या, उताराच्या बाजूनं विटांचा दोन थरांचा बांध घाला, वरून ताडपत्री आणि तिच्या कडांवर विटा. नालीच्या तोंडापासून हातभर अलीकडे गिट्टी भरलेल्या बोऱ्या अर्धगोल मांडा. रेतीच्या बोऱ्या नकोत, एक फाटली की तीच नालीत. तोंड बुजवूही नका, नाहीतर पुन्हा काकांचं अंगण! पाऊस उघडला की बोऱ्यांमागचा गाळ फावड्यानं उचला. पाइप लावून धुतलात तर सगळं मुसळ केरात.

या बोऱ्या रेती अडवतात, काळी माती नाही. खात्री करायची तर पायव्यातून निघालेली मूठभर माती पाण्याच्या बाटलीत घालून हलवा. शेजारी दुसऱ्या बाटलीत रेती. रेती चहा संपायच्या आत तळाला बसेल. मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. ती नदीपर्यंत तशीच तरंगत जाते, तिला जाळी-बिळी चालत नाही. ती भिजूच द्यायची नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपायच्या आत हलवायला हवी होती. राहिली असेल तर आज झाका. पायव्याच्या खड्ड्यात पाणी साचलं तर मोटारीचा पाइप तळाला सोडू नका. भोकं पाडलेल्या बादलीत तो ठेवून बादली वरच्या पाण्यात टांगा, आणि पाणी प्लॉटच्या कोपऱ्यात मातीवर सोडा.

मिक्सरसाठी प्लॉटवरच एक मीटर लांब-रुंद, गुडघाभर खोल खड्डा करा, आत जाड प्लास्टिक अंथरा. धुणं तिथेच. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी घमेली-थाप्या धुवायला होतं. खालचा थर कडक झाला की फोडून जोत्याच्या भरावात. पावसात मात्र खड्डा झाका, नाहीतर भरून वाहील.

राहिला पाडलेल्या घराचा मलबा. २०१६ च्या केंद्रीय नियमांपासून तो रस्त्यावर किंवा नालीत जाऊ न देणं ही मलबा निर्माण करणाऱ्याची जबाबदारी आहे. "ठेकेदाराला सांगितलं होतं" म्हणून तुम्ही सुटत नाही. लाकूड, लोखंड वेगळं काढा, भंगारवाला पैसे देऊन नेईल.

ठेकेदाराला हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही, बाप्पा. पुढच्या हप्त्याचे पैसे देण्याआधी खड्डा खणलेला दिसला पाहिजे, एवढंच म्हणा.