घट्ट बसणारे, पण सहज सुटणारे पॅनेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तात्पुरत्या मंचासाठी १८ मिमी प्लायचे ६०० × ६०० मिमीचे पॅनेल केले. एका कडेला ६ मिमी जाड जीभ (कडेतून पुढे आलेली पट्टी), समोरच्या कडेला, शेजारच्या पॅनेलची जीभ बसायला, ६ मिमीची खाच. बसतात हाताने, पण सोडवताना हातोडा लागतो आणि कडांचे टवके उडतात. खाच रुंद करावी का?

उत्तर : नुसती खाच वाढवलीत तर पाय पडताच पॅनेल वरखाली हलतील. दोष जिभेच्या आकारात आहे. दोन्ही बाजू समांतर असलेली जीभ पूर्ण बाहेर येईपर्यंत घासत राहते. तिला दोन्ही अंगांनी साधारण २ अंशांचा निमुळतेपणा द्या : मुळाशी ५.८ मिमी, टोकाला ५.२ मिमी, लांबी ८ मिमी. खाच ६ मिमीचीच राहू द्या, खोली मात्र १० मिमी ठेवा. तळाशी उरलेल्या २ मिमीत भुसा आणि धूळ मावते, नाहीतर तीच दाबली जाऊन सांधा उघडा राहतो.

जीभ कडेच्या पूर्ण लांबीला नको. ८० मिमीचे दोन तुकडे, दोन्ही टोकांपासून १०० मिमीवर, पुरेसे आहेत. घर्षण कमी होते हा एक फायदा. दुसरा फायदा मोठा आहे : पॅनेल एका बाजूने ओढले की ते किंचित तिरके होते आणि लांब जीभ, टेबलाचा खण एका कोपऱ्याने ओढल्यावर अडकावा तशी, खाचेत अडकते. आखूड जीभ तेवढा तिरकेपणा सोसते. तरीही ओढताना दोन्ही टोकांना एकदमच हात घाला.

सांध्यावर पॉलिश किंवा रंग चढला असेल तर आधी तो खरवडा. दोन्ही पृष्ठभागांवर दोन-दोन हात बसले की जिभेच्या मुळाशी ठेवलेला ०.२ मिमीचा सैलपणा संपलाच समजा. त्या जागी मेणबत्तीचे मेण घासावे. तेल नको, त्यावर धूळ चिकटते.

प्रश्न : जमिनीतले मधलेच एखादे पॅनेल काढायचे असेल तर?

उत्तर : चारही कडांना जीभ-खाच असेल तर ते निघणार नाही, कडेपासून एकेक रांग सोडवत यावे लागेल. रांग आडवी सरकायला भिंतीलगत जिभेच्या लांबीहून थोडी जास्त, म्हणजे इथे १०-१२ मिमी, फट हवी. काढता येणारी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, ती झाकते.

मधले पॅनेल वारंवार उघडायचे असेल तर जीभ-खाचेचा नादच सोडा. खाली सांगाडा, त्यावर पॅनेल नुसते टेकवायचे आणि सांगाड्यातल्या दोन निमुळत्या खुंट्यांवर अडकवायचे. एका खुंटीसाठी गोल भोक, दुसरीसाठी लांबट. दोन्ही भोके गोल ठेवलीत तर मापातला अर्धा मिमीचा फरकही पॅनेल बसू देत नाही. वजन खाली जाते, ढकलणी आडवी येते आणि सुटका वरच्या दिशेने होते. तिन्ही दिशा वेगळ्या असल्या की जोड घट्टही राहतो, सुटतोही. डेटा सेंटरमधली, खाली पोकळी ठेवून उंचावर बसवलेली जमीन याच हिशेबाने असते. तिथले गुळगुळीत पॅनेल काचवाल्यांच्या सक्शन कपसारख्या साधनाने उचलतात.

प्रश्न : भिंतीचे पॅनेल ४५ अंशांत कापलेल्या पट्ट्यांवर टांगले आहेत : एक पट्टी भिंतीवर, दुसरी पॅनेलच्या मागे, एकमेकींत अडकणाऱ्या. वरचा आधी काढल्याशिवाय खालचा निघत नाही.

उत्तर : १८ मिमीच्या पट्टीला ४५ अंशांचा काप म्हणजे पॅनेल सुटायला तेवढेच, १८ मिमी, वर उचलावे लागते. म्हणून डोक्यावर किमान २० मिमी मोकळे हवेत. एवढी फट डोळ्यांना खुपते. ९ मिमीच्या पट्ट्या लावल्या तर १२ मिमी पुरतात. पॅनेल हलके असेल तर आम्ही हेच सुचवू. पॅनेलच्या खालच्या टोकाला मागून पट्टीच्याच जाडीचा ठोकळा लावा, नाहीतर पॅनेल भिंतीकडे कलते. शेजारच्या पॅनेलशी उभी जीभ-खाच करू नका, ती पॅनेल पुढे येऊ देत नाही. ३ मिमीची फट ठेवून मागे काळी पट्टी लावावी.

प्रश्न : सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापलेले चौकोनी दात समोरच्या खाचेत शेवटपर्यंत जात नाहीत.

उत्तर : ६ मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतो. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक आतल्या कोपऱ्यावर कटर थोडा पुढे न्या, म्हणजे तिथे छोटे गोल भोक पडेल. आणि खाचेची रुंदी ‘१८’ लिहिण्याआधी प्लायला व्हर्निअर (जाडी मोजायचे साधन) लावा. १८ चा म्हणून आलेला प्लाय साडेसतराही भरतो.