गॅलरीतल्या बागेसाठी कुंड्या मातीच्या घ्याव्यात की प्लॅस्टिकच्या? आकार केवढा?

झाडाइतकंच तुमच्या पाणी घालायच्या सवयीवरही ते ठरतं. मातीची कुंडी पाझरते, आतली माती लवकर सुकते. म्हणून कोरफड, अडेनियम (जाड खोडाचं शोभेचं फुलझाड) अशा कमी पाणी लागणाऱ्या झाडांना ती उत्तम. पुदिन्याला ओल हवी, त्याला प्लॅस्टिक चालतं. फक्त काळी कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका, मुळं अक्षरशः शिजतात. (माझी मिरची अशीच गेली.)

मिरची-टोमॅटोला 12 इंची कुंडी, मेथीला 6 इंच खोल ट्रे पुरे. कढीपत्त्याला मात्र कंजुषी नको, 16 इंची घ्या. तळाला भोक नसेल तर कुंडी कितीही देखणी असो, घेऊ नका. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. आणि पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढून ठेवा, डास होतात.