जुने अग्निशामक केंद्र पाडून नवे बांधताना समितीने कशाचा आग्रह धरावा?

आपला प्रश्न असा आहे की, बेळगाव जिल्ह्यातील आपल्या गावाचे जुने कौलारू अग्निशामक केंद्र पाडून त्याच जागी नवी इमारत बांधण्याचा विचार चालू आहे, तर नागरिक समितीने कोणत्या सूचना द्याव्यात. मी बेळगावात बांधकाम सल्लागार म्हणून काम करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम दाद कोणाकडे मागायची ते स्पष्ट असावे. सीमेपलीकडे कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला अग्निशमन हे नगरपालिका-महापालिकेचे काम असते. आपल्याकडे कर्नाटकात मात्र ही सेवा १९६४ च्या कायद्यानुसार राज्य सरकारच्या खात्याकडे आहे. त्यामुळे पलीकडच्या पाहुण्यांचा सल्ला ऐकून नगरसेवकाकडे खेपा घालण्यात वेळ दवडू नये.

‘त्याच जागी’ हे शब्द मला खटकतात. केंद्र बांधले गेले तेव्हा गाव जेवढे होते तेवढेच आज राहिलेले नाही. म्हणून नकाशा काढण्याआधी मागील काही वर्षांच्या वर्दीची, म्हणजे केंद्राकडे आलेल्या आगीच्या व अपघाताच्या खबरींची, नोंद मागवावी. ती सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. वर्दी कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आणि कोठून आली याचा तक्ता केला की गावाची खरी गरज दिसते. निपाणीकडे तंबाखूच्या वखारी, शहापूर-वडगावकडे यंत्रमाग, उद्यमबागेत फाउंड्री, खानापूरकडे जंगलातील वणवे, तर चिकोडी-रायबाग पट्ट्यात उसाचे फड, असे प्रत्येक ठिकाणचे संकट निराळे आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बोटी आणि दोरखंड घेऊन जवानांनाच धावावे लागले होते, म्हणून नदीकाठच्या गावी केंद्राची जागा पूररेषेच्या वर असणे आणि पावसाळ्यात तिथला रस्ता खुला राहणे अत्यावश्यक आहे. जागा निश्चित करण्यापूर्वी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी प्रत्यक्ष बंब फिरवून पाहण्याची विनंती करावी. टिळकवाडीत रेल्वे फाटकाशी ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

इमारतीचा मुख्य भाग म्हणजे बंब उभा राहण्याची जागा, आणि कसर नेमकी तिथेच केली जाते. साडेचार हजार लिटरच्या गाडीत नुसते पाणीच साडेचार टन असते. त्यावर चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, पंप, शिड्या आणि माणसे. जुन्या गाड्यांच्या मापाचे दरवाजे नव्या गाड्यांना अपुरे पडतात आणि आरसे मिटून गाडी काढावी लागते. दरवाजा आणि रस्ता यांच्यामध्ये संपूर्ण गाडी उभी राहील एवढे अंगण हवे, म्हणजे चालकाला रहदारी पाहून बाहेर पडता येते. जागा असल्यास मागून आत आणि पुढून बाहेर अशी रचना करावी. अंगणात पेव्हर ब्लॉक घालू देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या वजनाखाली चाकोरीत ते दोन-तीन पावसाळ्यांत खचतात. सळईचे काँक्रीटच करावे, आणि अथणी-गोकाककडची काळी जमीन असेल तर माती-परीक्षणाशिवाय पाया ठरवूच नये, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या फरशीलाही फोडते.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे होज, म्हणजे पाणी मारण्याचे लवचीक नळ, वाळवण्याचा मनोरा. होजची एक लांबी सामान्यतः १५ मीटर असते. आग विझवून आल्यावर ती धुऊन, मध्यावर दुमडून, पितळी कपलिंगची (जोडणीच्या कड्यांची) दोन्ही तोंडे खाली करून टांगली म्हणजे आतले पाणी पूर्ण निथळते. खानापूर-बेळगावच्या चार महिन्यांच्या झडीत ओले होज गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते आणि ऐन आगीच्या वेळी दाबाने ते फाटतात. वास्तुविशारदाला हा मनोरा जुनाट वाटला तरी तो वगळू देऊ नये. शिडीच्या सरावालाही तो उपयोगी पडतो.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. विश्रांतीची खोली तळमजल्यावर, पण डिझेलच्या धुरापासून भिंतीने तोडलेली असावी; हा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. काजळलेले गणवेश धुण्याची जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी. महिला जवानांसाठी स्वतंत्र व्यवस्था आताच आखावी. भूकंप-मानकात अग्निशामक केंद्रासाठी १.५ हा महत्त्व गुणांक दिलेला आहे, म्हणजे भूकंपाचा भार साध्या इमारतीच्या दीडपट धरायचा. गणितात तो धरला आहे का, हे संरचना अभियंत्याला विचारावे.

आणि बांधकाम चालू असताना गाडी कोठे उभी राहणार, हे निविदा निघण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. तात्पुरती शेड त्याच भागात, पाणी भरण्याची सोय, वीज, दूरध्वनी आणि जवानांच्या झोपण्याच्या जागेसह उभी करण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच यावा. अन्यथा बंब शेजारच्या तालुक्यात हलवला जातो आणि काम रखडले की तिथेच अडकून पडतो. अर्ज कन्नडमध्ये द्यावा, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली तो पडून राहणार नाही, आणि सोबत वर्दीचा तक्ता व आपल्या भागातील सर्वांत अरुंद गल्ल्यांची मापे जोडावीत.