उंदरांत गुणकारी, माणसांत अपुरे

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असून तो रिस्पेरिडोन घेतो. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणारी औषधे उंदरांत यशस्वी ठरल्याचे वाचले. ती त्याला का मिळत नाहीत? आणि उंदराला भ्रम होतात हे कसे कळते?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे, म्हणून आधी तो घेतो. उंदराला भास होतात की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे संशोधक त्याला फेनसायक्लिडिनसारखे, ग्लुटामेट या मेंदूतील रसायनाचे एनएमडीए ग्राही (रसायनाचा संदेश घेणारी पेशीवरील प्रथिने) रोखणारे द्रव्य देऊन वाढलेली धावपळ मोजतात. किंवा मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी हलका आवाज ऐकवल्यास दचकणे कमी होते का, हे पाहतात, कारण दचकण्यावरचा हा लगाम स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांतही सैल झालेला आढळतो. या खुणा आजाराच्या कडेकडेच्या आहेत, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. सेरोटोनिनचा ५-एचटी२ए ग्राही रोखणाऱ्या एम१००९०७ या द्रव्याने उंदरांची धावपळ शमवली, पण रुग्णांवरील चाचण्यांत ते हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधापेक्षा कमी पडले.

तुमच्या भावाचे रिस्पेरिडोन मात्र हाच ग्राही रोखते आणि सोबत डोपामिन या मेंदूतील दुसऱ्या रसायनाचा डी२ ग्राहीही. म्हणजे सेरोटोनिनवरचा उपचार त्याला मिळतोच आहे. मुख्यतः ५-एचटी२एवर काम करणाऱ्या पिमाव्हान्सेरिनला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, ती पार्किन्सनच्या आजारातील भास-भ्रमांसाठी. मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय भावाच्या गोळ्या कृपया बदलू अथवा थांबवू नका.