स्टँड भरायचा असेल तर

विद्यार्थ्यांच्या फॅन कमिटीत आलायस ना, मग टी-शर्ट वाटपाचं नंतर बघू. आधी पोरं कुठे बसणार ते विचार. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर या बास्केटबॉल स्टेडियममध्ये जेमतेम ९,३१४ माणसं मावतात, पण विद्यार्थी थेट कोर्टाला खेटून उभे. साइडलाइनवरून बॉल आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या अगदी पाठीशी त्यांचे हात वळवळत असतात. कट्टर प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या मॅचसाठी पोरं थंडीत तंबू ठोकून राहतात, ती याच जागांसाठी. तिथे देणगीदार बसवले असते तर सगळा आवाजच गेला असता.

उलट यूसीएलए विद्यापीठ बघ. १९८२ साली त्यांचं अमेरिकन फुटबॉल रोझ बोल स्टेडियममध्ये गेलं, कॅम्पसपासून चाळीसेक किलोमीटरवर. त्यात लॉस एंजेलिसचं ट्रॅफिक! बस फुकट दिली तरी अख्खा शनिवार खर्ची पडतो.

‘जिंकायला लागलो की येतील आपोआप’ असं कुणी म्हणालं तर मान हलव आणि सोडून दे. नेब्रास्का विद्यापीठाचे घरचे फुटबॉल सामने १९६२ पासून हाऊसफुल्ल आहेत, पडत्या काळातही. (राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, हे अर्धं कारण.)

मॅचची वेळ टीव्हीवाले ठरवतात, तिथे आपलं काही चालत नाही. ती कळली की त्याच दिवशी हॉस्टेलवर निरोप पाठव.