घरच्या साध्या वापरासाठी ऑल-इन-वन डेस्कटॉप घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की ईमेल, व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास आणि अधूनमधून थोडं लेखन एवढ्यासाठी ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यामागेच सगळा कॉम्प्युटर बसवलेला डेस्कटॉप, घ्यावा का, की लॅपटॉपच बरा. हार्डवेअरमधलं फारसं कळत नाही, असंही लिहिलंय. मी घेतला तेव्हा मलाही कळत नव्हतं. २०१७ साली घेतलेला आमचा ऑल-इन-वन आजही रोज चालू होतो, तेव्हा वापरताना जे कळत गेलं तेच सांगते.

घ्या. फक्त ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीच तो पुढच्या आठ-दहा वर्षांना पुरेल असा घ्या, कारण नंतर त्यात फारसं काही वाढवता येत नाही.

आधी घ्या का म्हणते ते सांगते. आमच्या घरी लॅपटॉपही आहे, पण तो कधी या खोलीत, कधी त्या खोलीत, आणि हवा असतो तेव्हा नेमकी बॅटरी संपलेली. ऑल-इन-वन जागचा हलत नाही. भिंतीतून एक वायर येते, कीबोर्ड-माउस वायरलेस, संपलं. कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं आतच. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावायला कुणाला हाक मारावी लागत नाही. खुर्चीवर बसतात, बटण दाबतात आणि बोलायला लागतात. पडदा मोठा असल्यामुळे चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकावं लागत नाही. मुलं अभ्यासाला बसली की पडदा सगळ्या खोलीला दिसतो, त्यामुळे वेगळी राखण करावी लागत नाही. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक कॉम्प्युटर हवा असेल, तर मला तरी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही दिसत नाही.

आता माझी चूक सांगते. ऑल-इन-वन दिसतो डेस्कटॉपसारखा, पण आतून बहुतेक वेळा लॅपटॉपच असतो. पडद्यामागे जाडी फार नसते, त्यामुळे प्रोसेसर लॅपटॉपचा, रॅमची (चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीची) पट्टी लॅपटॉपचीच आखूड, आणि पुष्कळ मॉडेलांत वीज देणारा अडॅप्टरही तसाच, टेबलाखाली लोंबणारा. मी घेतलेल्यात ४ जीबी रॅम होती आणि १ टीबीची हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. विकणारा म्हणाला, घरच्या वापराला खूप झालं. मलाही १ टीबी हा आकडा मोठा वाटला.

दोन वर्षांत त्याची पार रया गेली. बटण दाबल्यापासून ब्राउझर हाताशी येईपर्यंत सहा-सात मिनिटं जायची. टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की डिस्कपुढे १०० टक्के, आणि ते खाली यायचं नाव नाही. घरात सगळे म्हणू लागले की कॉम्प्युटर जुना झाला, बदलून टाकू. मला ते पटेना. प्रोसेसरचा आकडा तर पाच-दहा टक्क्यांवर निवांत पडलेला दिसत होता. अडत होतं ते डिस्कपाशी.

शेवटी नात्यातल्या एका मुलाला घेऊन आम्ही तो उघडला. घडी घातलेल्या चादरीवर पडदा पालथा ठेवला, स्टँडखालचे स्क्रू काढले आणि मागच्या झाकणाच्या फटीत एक जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवत कडेकडेने गेलो. एकेक क्लिप टक्कन सुटायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता तुटलीच. आत पंख्याच्या जाळीवर धुळीचा करडा थर जमलेला, अगदी नमद्यासारखा. चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघून आला. मशीन का तापतं, पंखा का ओरडतो, याचं उत्तर तिथेच मिळालं. हार्ड डिस्क तळहातापेक्षा लहान, अडीच इंची. तेवढ्याच आकाराची एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, तिच्या जागी बसली, रॅम ८ जीबी केली, विंडोज नव्याने टाकलं. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटाच्या आत चालू झाला. आधीची दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी उगाच काढली, याचं खरंच वाईट वाटलं.

पण आमचं झाकण उघडणारं होतं म्हणून हे जमलं. काही मॉडेलांत पुढची काचच काढावी लागते. ॲपलच्या ऑल-इन-वनमध्ये, म्हणजे २०१२ नंतरच्या आयमॅकमध्ये, ती चिकटपट्टीने चिकटवलेली असते. २०२१ साली आलेला एम१ चा आयमॅक अवघा ११.५ मिलीमीटर जाड आहे, आणि त्यात रॅम नंतर वाढवता येतच नाही. ऑर्डर देताना निवडाल तीच कायमची. म्हणून आज घेताना एसएसडी हवीच, ५१२ जीबी असली तर उत्तम, आणि रॅम शक्यतो १६ जीबी. प्रोसेसर मधल्या दर्जाचा असला तरी तुमच्या कामाला पुरेल. पैसे वाचवायचेच असतील तर तिथे वाचवा.

यापुढची गोष्ट घेताना कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पडद्याचं आयुष्य आणि कॉम्प्युटरचं आयुष्य सारखं नसतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची आतली चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. म्हणजे अधिकृतपणे रस्ता बंद. आणि पडदा? त्यावर एक ठिपका मेलेला नाही, रंग पहिल्या दिवसासारखे. वेगळा मॉनिटर असता तर नुसता डबा बदलून तो आणखी कितीतरी वर्षं वापरला असता. इथे दोघांची एकमेकांशी गाठ बांधलेली.

ती गाठ सोडवण्याची एकच वाट असते, आणि ती खरेदीच्या वेळीच बघावी लागते: एचडीएमआय-इन. पुष्कळ ऑल-इन-वनवर एचडीएमआयचं भोक असतं, पण ते बाहेर चित्र पाठवण्यासाठी, म्हणजे दुसरा मॉनिटर जोडण्यासाठी. आत चित्र घेणारं वेगळं असतं आणि थोड्याच मॉडेलांत मिळतं. ते असलं की उद्या आतला कॉम्प्युटर म्हातारा झाला तरी पडद्याला लॅपटॉप किंवा छोटा मिनी पीसी जोडून काम चालवता येतं. २००९ अखेरच्या २७ इंची आयमॅकपासून ॲपलने टार्गेट डिस्प्ले मोड नावाची अशीच सोय दिली होती. २०१४ अखेर ५के पडद्याचा आयमॅक आला, त्यात ती राहिली नाही. आमच्या मशीनला फक्त बाहेर जाणारं भोक आहे, हे मला आठ वर्षांनी कळलं. आम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकलं, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, मराठी टायपिंग सगळं व्यवस्थित चालतं, आणि सासूबाईंना फरक जाणवला तो फक्त मागच्या चित्राचा.

बाकीचं थोडक्यात. आत बॅटरी नसते, वीज गेली की सेव्ह न केलेलं लेखन जातं. तेव्हा छोटा यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ चालवणारी बॅटरी) त्याच दिवशी घ्या. बहुतेक स्टँड पुढे-मागे कलतात, वरखाली होत नाहीत. आमच्याखाली चार बोटं उंचीची लाकडी फळी आहे, ती ठेवल्यावर माझी मान दुखायची थांबली. २७ इंचाच्या मोहात पडताना रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर ठिपके किती, ते बघा. १९२० बाय १०८० हेच दोन्हीकडे असेल तर २३.८ इंचावर अक्षरं रेखीव दिसतात, २७ वर त्यांच्या कडा फुटल्यासारख्या वाटतात, आणि तुम्हाला तर लेखन करायचंय. गेम आणि जड व्हिडिओ एडिटिंगसाठी मात्र याचा विचार करू नका, एवढ्या अरुंद जागेत उष्णता कोंडते.

एखादं मॉडेल मनात असेल तर त्याचं पूर्ण नाव खाली लिहा. मागच्या पोर्टांचा तक्ता काढून त्यात एचडीएमआय-इन आहे का, आणि मागचं झाकण नुसत्या स्क्रूवर निघतं का, एवढं मी बघून सांगेन.