पंखा फिरताना दिसला पाहिजे

जुन्या विमानांचे फोटो काढायला सुरुवात करतोयस, तर आधी शटरचा वेग कमी कर. एक हजारांश सेकंदाला स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) टिपलंस तर पंख्याची, म्हणजे नाकावरच्या प्रोपेलरची, पाती गोठतात आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/२५० सेकंदापासून सुरू कर, हात बसला की १/१२५ पर्यंत उतर. पाय रोवून कमरेतून वळायचं, विमानाच्या वेगानं, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. बहुतेक फोटो हललेलेच येतील. येऊ देत, पुसून टाक. जेटला पंखा नाही, तिथे खुशाल १/१००० ठेव. ढगाळ पांढऱ्या आकाशापुढे विमान काळं पडतं, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वर घे.

इंग्लंडमध्ये आहेस तर डक्सफर्डच्या विमानतळावर जुन्या विमानांच्या कसरती बघायला जाशीलच, पण तिथे प्रेक्षकांचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे ऊन बरेचदा समोरून. माझं मत विचारशील तर आधी ओल्ड वॉर्डन गावचं शटलवर्थ संग्रहालय गाठ, तिथेही जुनी विमानं उडवतात. तिथे प्रेक्षकांची रांग वाकडी आहे, त्यामुळे विमान तुझ्याभोवती वळतं आणि पंखांची वरची बाजू दिसते. १९०९ चं ब्लेरिओ हे फ्रेंच विमान मात्र वारा पडला तरच बाहेर काढतात, बहुधा संध्याकाळी, आणि तेही धावपट्टीवर छोटीशी उडी मारण्यापुरतं. म्हणून तिथून लवकर परत निघू नकोस. आणि उभ्या विमानाच्या कापडी पंखांना हात लावू नकोस, कोणी बघत नसलं तरी.